आधी घरच्यांशी बोल

बाळ, विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर करून तू परवाच इंदूरला परतलास आणि लगेच नोकरी सोडायचं म्हणतोस. घाई करू नकोस. पहाटे 4 ची घंटा, मौन, आयतं जेवण; तिथं मन लागतंच. खरा कस घरी लागतो.

मी सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ तास-तास बसायचो. बायको पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरून माझी ताटली झाकून ठेवायची आणि एकटीच खायची. सहा वर्षं. तिनं कधी तक्रार केली नाही, म्हणून मला वाटायचं सगळं ठीक आहे. ते नव्हतं. माझ्या साधनेची किंमत तिनं मोजली, याची खंत अजून आहे. मित्रही तुटले, पण त्याचं तितकं वाटत नाही.

मिळालं काय? आई गेली त्या रात्री तिचा हात धरून मी बसू शकलो. तिचा श्वास मंदावत गेला आणि मी उठून बाहेर पळालो नाही. प्रकाश वगैरे मला कधी दिसला नाही. तरी पुन्हा बसेन, फक्त या वेळी बायकोला विचारून.

नोकरी राहू दे. बैठक पाचला उरक, चहा सगळ्यांबरोबर घे. आणि ओंकारेश्वरला जाशील तेव्हा तुझ्या आईला बरोबर ने.