२०२५मध्ये भारताचा १०० मीटरचा विक्रम झाला १०.१८ सेकंदांचा आणि त्याच वर्षीचं आशियाई सुवर्ण गेलं १०.२०ला. मग आपण आशियात पहिले येऊ शकतो का?

येऊ शकतो. पण ज्या वजाबाकीवरून तुम्ही हा प्रश्न विचारलाय, तिच्या जोरावर नाही.

आधी आकडे. मे २०२५च्या अखेरीस दक्षिण कोरियातल्या गुमीला आशियाई अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा झाली. पुरुषांची १०० मीटर जपानच्या हिरोकी यानागिताने १०.२०मध्ये जिंकली. थायलंडचा पुरिपोल बूनसनसुद्धा १०.२०लाच आला, त्याला रौप्य. त्यानंतर सव्वा महिन्यात, ५ जुलैला, ग्रीसमधल्या वारीला अनिमेष कुजूरने १०.१८ची वेळ देऊन राष्ट्रीय विक्रम केला. त्याआधीचा विक्रम गुरिंदरवीर सिंगचा, मार्चमध्ये बंगळुरूला केलेला, तोही १०.२०. हे सगळं एका कागदावर मांडलं की हात शिवशिवतात, कबूल.

पण यानागिता हा १०.२०चा धावपटू नव्हताच. २०२३ला बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपदात त्याने १०.०२मध्ये सुवर्ण घेतलं होतं. बूनसनने त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई खेळांत १०.०२चीच वेळ देऊन रौप्य मिळवलं, तेव्हा पोरगा सतरा वर्षांचा होता. म्हणजे गुमीत १०.०२ची ताकद असलेले दोघं त्या संध्याकाळी १०.२०ला येऊन थांबले. तुम्ही तुलना करताय ती आपल्या माणसाच्या आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या दिवसाची, त्यांच्या एका बऱ्या दिवसाशी. अशी तुलना केली की आपण नेहमीच जिंकतो, फक्त कागदावर.

अजिंक्यपदाच्या शर्यतीत हे वारंवार होतं. पुण्यातलंच उदाहरण घ्या. जुलै २०१३मध्ये ही आशियाई स्पर्धा बालेवाडीच्या शिव छत्रपती क्रीडा संकुलात झाली होती. मुळात चेन्नईला व्हायची होती, पण श्रीलंकेच्या खेळाडूंवरून तिथल्या सरकारने नकार दिला आणि ती फिरत फिरत आपल्याकडे आली. १०० मीटर चीनच्या सू बिंगतियानने जिंकली, १०.१७ला. मी प्रेक्षकांत होतो. शेजारचे गृहस्थ फलकाकडे बघून म्हणाले, “एवढंच?” एवढंच, कारण त्याच वर्षी मे महिन्यात बीजिंगला सूने १०.०६ची वेळ दिली होती. पुण्यात त्याला वेळेशी देणंघेणं नव्हतं, उरलेल्या सात जणांशी होतं. हाच सू पुढे टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत ९.८३ धावला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. तो आजही आशियाई विक्रम आहे. मधल्या काळात त्याने सुरुवातीला ब्लॉकवर (पाय रोवून सुटायच्या ठोकळ्यांवर) पुढे ठेवायचा पायच बदलला होता. इतक्या वर्षांची सवय मोडायची म्हणजे आधी मंद व्हायची तयारी ठेवायची. आपल्याकडे असा प्रयोग करू देणारे प्रशिक्षक मी फार पाहिलेले नाहीत. मुलाची वेळ महिनाभर बिघडली की घरून फोन सुरू होतात.

युरोपातही हेच दिसतं. २०१०च्या बार्सेलोनातल्या युरोपियन स्पर्धेची १०० मीटर मी कुणालाही पहिल्यांदा दाखवतो. फ्रान्सचा क्रिस्तोफ लमेत्र तीन आठवड्यांपूर्वी ९.९८ धावून आलेला. त्याने जिंकली १०.११ला. आणि त्याच्यामागे चौघं, चौघांचीही वेळ १०.१८! ब्रिटनच्या मार्क लुईस-फ्रान्सिसला रौप्य, फ्रान्सच्या मार्शियल एमबांजॉकला कांस्य, आणि तीच वेळ देऊन पोर्तुगालचा फ्रान्सिस ओबिक्वेलू आणि ब्रिटनचा ड्वेन चेंबर्स हात हलवत परत. त्यात गंमत अशी की २००२ला म्युनिकमध्ये चेंबर्सने हीच शर्यत जिंकली होती, उत्तेजक प्रकरणात ते सुवर्ण गेलं आणि दुसऱ्या आलेल्या ओबिक्वेलूकडे आलं. आठ वर्षांनी दोघं एकाच वेळेला आले आणि दोघांनाही काही मिळालं नाही.

चौघांची वेळ सारखी असताना क्रम कसा लावला, हा प्रश्न इथे येतोच, तेव्हा तेही सांगतो. मी जिल्हा पातळीवर पंच म्हणून उभा राहतो. जिथे फोटो फिनिशचा कॅमेरा असतो तिथे त्या लॅपटॉपमागे उभं राहायची एकही संधी सोडत नाही. हा कॅमेरा आपण समजतो तसा ‘फोटो’ काढत नाही. तो फक्त अंतिम रेषेकडे बघतो, सेकंदाला हजार-दोन हजार वेळा त्या रेषेची उभी पातळ फीत टिपतो आणि या फिती शेजारीशेजारी चिकटवत जातो. त्यामुळे पडद्यावर जे चित्र येतं त्यात ज्याचं पाऊल नेमकं रेषेवर टेकलेलं असतं त्याचा बूट हातभर लांब दिसतो. चालक त्या चित्रावर एक उभी रेघ सरकवतो आणि धावपटूच्या धडाला लावतो. धड म्हणजे धडच. डोकं, मान, हात, पाय धरत नाहीत. शालेय स्पर्धांत पालक मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन येतात, “सर, बघा ना, डोकं आमच्या बाळ्याचं पुढे आहे.” डोकं असतंही पुढे. छाती मागे असते.

रेघ लावली की यंत्र हजाराव्या भागापर्यंत वेळ देतं. पण जाहीर होते ती शंभराव्यापर्यंतची, आणि तीही नेहमी वर ढकललेली. १०.१७१ असो की १०.१८०, फलकावर १०.१८च लागतं. म्हणजे ‘सारखी वेळ’ असलेल्या दोघांत नऊ सहस्रांशांचं अंतर असू शकतं. त्या वेगाला हे नऊ-दहा सेंटिमीटर होतात, म्हणजे अर्ध्या वितीहून थोडं कमी. यानागिता आणि बूनसन यांच्यातलं सुवर्ण-रौप्य असंच ठरलं.

मग वारा. पाठीवरून सेकंदाला दोन मीटरपर्यंतचा वारा नियमात बसतो आणि तेवढ्यात साधारण दहावा भाग सेकंद वाचतो. समोरून तितकाच वारा आला तर नुकसान त्याहून थोडं जास्त होतं. एखाद्या छोट्या स्पर्धेत आज वारा नाही जमला तर पुढच्या आठवड्यात दुसरीकडे पळता येतं. बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे, तिथली विरळ हवाही थोडा हात देते. अजिंक्यपदाची अंतिम शर्यत मात्र छापील वेळेला होते, वारा कुठूनही असो. म्हणून विक्रमांच्या यादीतली वेळ आणि पदकाची वेळ यांची गल्लत करू नये, असं मी सगळ्यांना सांगत असतो. फार कुणी ऐकत नाही.

पण माझ्या मते खरी अडचण फेऱ्यांची आहे. हीट, उपांत्य, अंतिम अशा तीन शर्यती, सहसा दोन दिवसांत, आणि शेवटच्या दोन बहुतेक एकाच संध्याकाळी. ज्याची ताकद १०.०२ आहे तो हीटमध्ये सत्तर मीटरनंतर इकडेतिकडे बघतो, शेजारी कुठे आहे ते पाहून अंग सैल सोडतो आणि तरी १०.३०ला पहिला येतो. ज्याची ताकद १०.१८ आहे त्याला उपांत्य फेरीतच सगळं ओतावं लागतं. दीड-दोन तासांनी तो पुन्हा ब्लॉकवर बसतो तेव्हा मांडीच्या मागचा स्नायू आखडलेला असतो. ‘सेट’ म्हटल्यावर कंबर वर उचलताना हे लांबूनही कळतं. पाय थरथरत नाहीत, पण कंबर स्थिर व्हायला एक क्षण जास्त लागतो. आपल्या देशांतर्गत ग्रां प्रीत बरेचदा थेट एकच शर्यत असते. त्यातून वेळ मिळते, तिसऱ्यांदा पळायची सवय मिळत नाही.

उलट बाजूही आहे, ती लपवत नाही. मोठ्या स्पर्धेतच आयुष्यातली सर्वोत्तम वेळ देणारेही असतात. २००७ला अम्मानच्या आशियाई स्पर्धेत कतारचा सॅम्युएल फ्रान्सिस ९.९९ धावला. २०१५ला वूहानमध्ये कतारच्याच फेमी ओगुनोडेने ९.९१ची वेळ दिली. दोघंही मूळचे नायजेरियाचे, त्यावरून तेव्हा बरीच कुरकुर झाली, पण घड्याळ पासपोर्ट बघत नाही. त्यांना सोडा, २०१९ला दोहात इंडोनेशियाचा लालू मुहम्मद झोहरी बघा. लोंबोक बेटावरचा मुलगा, मोठा शारीरिक थाटमाट नाही, अंतिम शर्यतीत १०.१३चा राष्ट्रीय विक्रम करून जपानच्या योशिहिदे किर्यूच्या पाठोपाठ दुसरा आला. म्हणजे १०.१८च्या आसपासचा माणूस पदकापर्यंत पोचतो. सुवर्णासाठी मात्र माझा अंदाज असा की हातात १०.०५ तरी हवी, मग १०.२०चा दिवस आला तरी चालतो. शिवाय बूनसन काही थांबलेला नाही. डिसेंबर २०२५मध्ये बँकॉकच्या आग्नेय आशियाई खेळांत त्याने ९.९४ची वेळ दिली.

इतिहासाची बाजू दोन ओळींत. आशियाई अजिंक्यपद १९७३पासून होतंय आणि पुरुषांच्या १०० मीटरचं सुवर्ण भारताकडे एकदाही आलेलं नाही. आशियाई खेळांत आलं ते एकदाच, १९५१च्या दिल्लीत, मुंबईकडून पळणाऱ्या लेव्ही पिंटोला. त्याने १०० आणि २०० दोन्ही जिंकल्या. मुंबईच्याच आदिल सुमारीवालांनी पुढे अकरा वेळा राष्ट्रीय १०० मीटर जिंकली, ऑलिंपिकलाही गेले, पण तेव्हा राष्ट्रीय विजेता आणि आशियाई विजेता यांच्यातली दरी आजच्यापेक्षा खूप रुंद होती.

तर आता तुमच्या प्रश्नाचा उपयोगी भाग. आशियात भारतीय पुरुष स्प्रिंटर पहिला आला तर तो आधी २०० मीटरला येईल, असं मला वाटतं. गुमीत त्याच अनिमेषने २०० मीटरमध्ये २०.३२चा राष्ट्रीय विक्रम करून कांस्य घेतलं. रौप्य सौदीच्या अब्दुलअझीझ अताफीला २०.३१ला गेलं, म्हणजे एका शंभराव्या भागाने. सुवर्ण जपानच्या तोवा उझावाचं, २०.१२. ही दोन दशांशांची दरी मोठी आहे, पण महत्त्वाचं हे की आपल्या माणसाने ती वेळ अंतिम शर्यतीत, फेऱ्या खेळून, दिली. छत्तीसगडच्या जशपूरचा हा उंच मुलगा वळण संपल्यावर जो सुटतो, ते पाहिलं की १०० मीटर त्याला थोडी आखूडच पडते असं वाटतं. पहिले तीस मीटर ही त्याची कमकुवत बाजू आहे आणि २००मध्ये ती झाकली जाते.

दुसरी जागा ४ × १०० रिले. गुमीत ही रिले यजमान दक्षिण कोरियाने ३८.४९मध्ये जिंकली, आणि त्यांच्या चौघांत दहा सेकंदांच्या आत धावलेला एकही नव्हता. त्याच वर्षी ३० एप्रिलला चंदीगडला गुरिंदरवीर, अनिमेष, मणिकंठ होबळीधर आणि अमलान बोर्गोहाईन यांनी ३८.६९ची वेळ दिली होती. फरक दोन दशांशांचा. तीन बॅटन बदलांत विभागला तर एका बदलाला सात शतांशसुद्धा येत नाही. हे काम पायांचं कमी आणि एकत्र सरावाचं जास्त आहे. देणारा कुठल्या खुणेवर आला की घेणाऱ्याने निघायचं, ती खूण पावलं मोजून चिकटपट्टीने ट्रॅकवर लावलेली असते आणि ती अर्ध्या पावलाने चुकली तरी बदल फसतो. चौघांना वर्षातले काही महिने एका मैदानावर ठेवलं तर हे सुवर्ण मला १००च्या सुवर्णापेक्षा जवळचं दिसतं.

१००साठी पुढच्या वर्षभरात बघायचं असेल तर विक्रमाची बातमी बघू नका. निकालपत्रात उपांत्य फेरीची वेळ, तिच्याशेजारी वाऱ्याचा आकडा आणि मग अंतिम फेरीची वेळ, एवढ्या तीन गोष्टी बघा. आपला धावपटू समोरच्या वाऱ्यात १०.२५च्या आत दोनदा, एकाच संध्याकाळी धावलेला दिसला, की मग हाच प्रश्न पुन्हा विचारा, मी वेगळं उत्तर देईन.