शाहूवाडीच्या पाणंदीसाठी थार, जिम्नी की गुरखा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर कोल्हापूर शहरात, नोकरी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आणि शेत मलकापूरच्या पुढं. शेतापर्यंतचा शेवटचा दीडेक किलोमीटर पाणंदीचा, पावसाळ्यात तिथं आताची वॅगन-आर जात नाही. अधूनमधून मित्रांबरोबर आंबा, गगनबावडा, भुदरगड या बाजूच्या कच्च्या वाटांवरही जायचंय. घरात आई, पत्नी आणि दोन मुलं. बजेट ऑन-रोड १८ लाखांपर्यंत. मित्र सांगतात, डोळे झाकून महिंद्राची थार घ्या.

माझं उत्तर: मारुतीची जिम्नी घ्या, मॅन्युअल गिअरची, आणि वॅगन-आर विकू नका. थार वाईट गाडी आहे म्हणून हे सांगत नाही. मित्रांनी गाडी पाहिली आहे, तुमची पाणंद पाहिलेली नाही, आणि ऑफ-रोडसाठी गाडी निवडताना सुरुवात वाटेपासून करावी लागते.

आपल्या जिल्ह्यात दोन अगदी वेगळ्या प्रकारचा चिखल आहे. शिरोळ, हातकणंगलेकडची काळी माती खोलवर मऊ असते. टायरच्या खाचांत गच्च भरते आणि टायर गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरायला लागतो. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा या पट्ट्यात पाऊस कितीतरी जास्त, पण बऱ्याच ठिकाणी तांबड्या मातीचा थर पातळ आणि खाली मुरूम किंवा जांभा. तिथं वरचा राडा कापून खालच्या टणक थराला टेकणारा अरुंद टायर आणि हलकी गाडी जास्त कामाला येते. जिम्नीचे टायर १९५ मिलिमीटर रुंदीचे आहेत, थारचे प्रकारानुसार २४५ किंवा २५५ चे. तुमचं शेत शिरोळला असतं तर माझं उत्तर बदललं असतं.

त्यात वजनाचा हिशेब आला. जिम्नी १२०० किलोच्या आसपास, थार तिच्यापेक्षा साधारण पाचशे किलोनं जड. हा फरक गाडी रुतल्यावर कळतो. हलकी गाडी दोन माणसांनी ढकलून, चाकाखाली दगड-फांद्या घालून निघते. जड गाडीला बहुतेक वेळा ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि भर पावसात लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टर मोकळा सापडत नाही.

तिसरी गोष्ट रुंदी. जिम्नी १६४५ मिलिमीटर, थार १८२०, स्कॉर्पिओ-एन १९१७, तेही आरसे सोडून. पाणंदीला एका बाजूला बांध, दुसऱ्या बाजूला चर, त्यात दोन्हीकडून वाकलेला ऊस. एक वीत जागा जास्त मिळाली तर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या टाळून एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं कडेवर ठेवता येतं. जागा नसेल तर चाकं नाइलाजानं चाकोरीतच उतरतात. ऊसवाहतुकीनं चाकोऱ्या खोल झालेल्या असतात, मग गाडीचं पोट मधल्या मातीवर टेकतं आणि चारही चाकं नुसती फिरत राहतात. अशा वेळी इंजिन १०५ हॉर्सपॉवरचं आहे की १५० चं, यानं काहीच फरक पडत नाही. जमिनीवर पकडच नसली तर जास्तीची ताकद फक्त खड्डा मोठा करते.

ताकदीबद्दल एवढा आग्रह बघतो म्हणून लो-रेंजविषयी सांगतो. खऱ्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत ट्रान्सफर केस ही जादा गिअरपेटी असते. तिच्यातला लो गिअर टाकला की वेग कमी होतो आणि चाकांवरचा जोर वाढतो, जिम्नीत जवळजवळ दुप्पट. पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडून, ॲक्सिलरेटरला जेमतेम पाय लावून गाडी चढावर चालण्याच्या वेगानं जाते. उताराला तेच गिअर गाडीला धरून ठेवतात, ब्रेकवर सहसा पाय ठेवावा लागत नाही आणि ओल्या मातीवर चाकं घसरण्याची भीती कमी होते. तुम्ही यादीत घातलेल्या ग्रँड विटारा ऑलग्रिपमध्ये ही लो-रेंज नाही. पावसाळी घाटरस्त्यासाठी ती चांगली सोय आहे, पण पाणंदीसाठी तिचं नाव यादीतून काढा.

आता डिफरन्शियल लॉक. डिफरन्शियल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा संच, आणि लॉक त्या दोन चाकांना एकत्र बांधतो. थारवाले मित्र याच मुद्द्यावर जोर देतील आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की ज्या चाकाला अडथळा कमी, तिकडं फिरणं जास्त जातं. ओबडधोबड जागी समोरचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी झालं, की तीच दोन चाकं फिरत राहतात आणि जमिनीवरची दोन गप्प राहतात. यावर तीन गाड्यांत तीन उपाय आहेत.

फोर्सच्या गुरखात पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलला मेकॅनिकल लॉक आहे. अवघड जागेच्या आधी चालक स्वतः तो लावतो आणि दोन्ही बाजूंची चाकं एकत्रच फिरतात. याच्याइतकं भरवशाचं काही नाही. थारच्या काही प्रकारांत मागच्या ॲक्सलला आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉक मिळतो. दोन चाकांच्या वेगात ठरावीक फरक पडला की तो खटकन लागतो. पण तो थारच्या सगळ्या प्रकारांत येत नाही, म्हणून बुकिंगच्या आधी शोरूमवाल्याकडून हे लेखी घ्या. जिम्नीत मेकॅनिकल लॉक नाहीच. तिथं मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला संगणक ब्रेक लावतो आणि जोर दुसऱ्या चाकाकडं वळवतो.

हा ब्रेकवाला उपाय दुबळा समजला जातो. निम्म्या वेळा दोष पायाचा असतो. चाक फिरताना दिसलं की नवखा माणूस घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो, आणि नेमकं तेव्हाच ब्रेकचं काम थांबतं. पाय स्थिर ठेवून दोन-तीन सेकंद वाट बघितली की कटकट आवाज येतो, गाडी थोडी थरथरते आणि पुढं सरकते. शिवाय जिम्नीला पुढंही सलग ॲक्सल आहे. एक चाक वर उचललं गेलं की दुसरं खाली ढकललं जातं, त्यामुळं चाकं जमीन लवकर सोडत नाहीत. थारचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे. त्यानं हायवेवर आराम मिळतो, खडकाळ वाटेवर मात्र पुढचं चाक लवकर अधांतरी होतं. तरीही खोल चिखलात बराच वेळ झुंजायचं असेल तर जिम्नीचे ब्रेक तापतात, हे मान्य करतो. तुमच्या पाणंदीवर तेवढी वेळ येऊ नये.

थार कुठं सरस आहे? ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाची जमिनीपासूनची उंची, २२६ मिलिमीटर, जिम्नीचा २१०. थारच्या नाकाचा कोन जवळजवळ ४२ अंश, जिम्नीचा ३६, म्हणजे सरळ उभ्या बांधाला थार नाक न घासता भिडते. पाच दारांसाठी जिम्नी लांबवल्यामुळं तिचं पोटही थारपेक्षा लवकर टेकतं. पाण्यासाठी थारला कंपनीनं ६५० मिलिमीटरची मर्यादा दिली आहे, जिम्नी घेऊन मी गुडघ्याच्या वर पाण्यात शिरणार नाही. आणि थारच्या डिझेल इंजिनचा ३०० न्यूटन-मीटर टॉर्क ओझं असताना जाणवतो. युरियाची ४५ किलोची पोती, पाइप, मोटर हे सगळं दर आठवड्याला न्यायचं असेल तर जिम्नी अपुरी पडेल. मागची सीट उभी असताना तिची डिकी फक्त २०८ लिटरची आहे.

पण मग आईंचं काय? तीन दारांच्या थारमध्ये मागं बसायचं तर पुढची सीट दुमडून, पाय उंच टाकून आत शिरावं लागतं. साठीच्या पुढच्या बाईमाणसाला हे दर वेळी करायला लावणं मला पटत नाही. जिम्नीला मागं स्वतंत्र दारं आहेत. ती चारच जणांची आहे, हे खरं. म्हणूनच वॅगन-आर ठेवा म्हटलं. पाचही जण जोतिबाला किंवा लग्नाला निघालात की ती लागेल. पाच दारांची थार रॉक्स हा प्रश्न सोडवते, पण तिची फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये येते आणि तुमच्या बजेटच्या पुढं जाते. शिवाय तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २८५० मिलिमीटर, पाणंदीच्या वळणाला लांब पडेल.

थारच ठरली तर एक काळजी घ्या. २०२३ पासून ती फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही मिळते. बाहेरून जवळपास तशीच, किमतीला कमी. ती पाणंदीवर तुमच्या वॅगन-आरपेक्षा फार पुढं जाणार नाही. रस्त्यावर दिसणाऱ्या कितीतरी थार याच प्रकारच्या आहेत.

गुरखाबद्दल मला मनापासून प्रेम आहे. दोन्ही लॉक, कंपनीकडूनच स्नॉर्केल (इंजिनाला छताच्या उंचीवरून हवा देणारी नळी), पाण्याची मर्यादा ७०० मिलिमीटर, २.६ लिटरचं डिझेल इंजिन आणि २०२४ पासून १४० हॉर्सपॉवर. तुम्ही दर शनिवारी डोंगरात जाणारे असता तर हीच घ्या म्हणालो असतो. पण मे २०२४ मध्ये नवी आली तेव्हाच तीन दारांची १६.७५ लाख एक्स-शोरूम होती. टॅक्स, विमा धरला की १८ च्या वर गेलीच. रोज गोकुळ शिरगावला न्यायला ती मोठी आणि धसमुसळी आहे, आणि सर्व्हिसचं जाळं मारुती किंवा महिंद्राइतकं पसरलेलं नाही. स्कॉर्पिओ-एन हायवेला या सगळ्यांत आरामशीर, पण पाणंदीत तिची रुंदी आडवी येते. जुन्या जिप्सीचा मोह होईल, तो आवरा. रोजच्या वापरासाठी आणि मुलांसाठी ती गाडी नाही.

जिम्नीची उणी बाजू हायवे. पेट्रोल इंजिन, छोटे गिअर, ८०-९० च्या पुढं आवाज येतो. आंबा घाटात भरलेला ट्रक ओलांडताना गिअर खाली घ्यावाच लागेल. मायलेज कंपनी १६.९४ सांगते, शहरात त्याच्या खाली धरा.

निवड काहीही करा, काही पैसे मागं ठेवा. जिम्नीला शोरूममधून येणारे टायर रस्त्यासाठीचे असतात. ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या वाटांवरही चालणारे टायर घातल्यावर गाडीत जेवढा फरक पडतो, तेवढा वरच्या मॉडेलच्या मोठ्या स्क्रीननं पडत नाही. म्हणून जिम्नीत वरच्या अल्फापेक्षा खालचं झेटा मॉडेल घ्या, फोर बाय फोर दोन्हींत तीच आहे. चिखलात शिरण्याआधी हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा आणि डांबरीवर येताच परत भरा. त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवा. कोरड्या डांबरीवर फोर-एच (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) लावून फिरू नका, ट्रान्समिशनवर ताण येतो.

ओढायची दोरी आणि शॅकल (दोरी हुकाला जोडायची लोखंडी कडी) स्वतःचे ठेवा. ट्रॅक्टरवाला मदतीला मनापासून येतो, पण साखळी बंपरला नाहीतर सस्पेन्शनच्या दांडीला अडकवतो आणि एका हिसक्यात मोठं नुकसान होतं. चेसिसचा हूक कुठं आहे हे आधी बघून ठेवा आणि त्याला दाखवा. पोटाखाली पत्रा बसवायचा असेल तर उद्यमनगरात उत्तम करून देणारे आहेत. फक्त समोर लोखंडी बुलबार लावू नका, २०१७ च्या अखेरीपासून त्याला मनाई आहे. बाकी कुठलाही बदल आरटीओ आणि विमा कंपनीला विचारूनच करा.

दोन गोष्टींवर तडजोड करू नका. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तर कुठल्याही गाडीनं जायचं नाही. गाडीची पाण्याची मर्यादा उभ्या पाण्यासाठी असते. वाहतं पाणी गाडीला कडेला ढकलतं, आणि हलकी जिम्नी त्यात सगळ्यात आधी तरंगते. दुसरं, पठारांवर गाडी चढवू नका. मसाई पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे, आणि ते नसतं तरी जांभ्यावरची दोन-चार बोटं माती आणि तिच्यात पावसाळ्यात येणारी फुलं टायरखाली एकदा चिरडली की वर्षानुवर्षं भरून येत नाहीत. दाजीपूरच्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि ठरलेल्या वाटेबाहेर जायचं नाही. पाणंदीसुद्धा कुणाच्या तरी शेताच्या कडेनं जातात, अनोळखी गावात आधी विचारावं. घाटमाथ्यावर हे सगळं पाळूनही चालवायला भरपूर वाटा आहेत.

शोरूमच्या टेस्ट ड्राइव्हवर निर्णय घेऊ नका, ती डांबरीवरच होते. येत्या रविवारी टेप घेऊन शेतावर जा. पाणंद सगळ्यात अरुंद असेल तिथं बांधापासून चरापर्यंत मोजा, चाकोरी किती खोल आहे तेही मोजा. रुंदी सव्वादोन मीटरच्या वर भरली, चाकोरी वीतभर खोल असली आणि पोती दर आठवड्याला न्यायची असली, तर डिझेल थार, फोर बाय फोर आणि मेकॅनिकल लॉकवाली घ्या. नाहीतर जिम्नी. आणि जी घ्याल तिच्या मागच्या सीटवर, पैसे भरण्याआधी, एकदा आईंना बसवून बघा.