वाचक विचारतात : नाणेघाट खालून चढायचा की गाडीने वर जाऊन बघायचा?

मागच्या महिन्यात जुन्नरच्या घाटवाटांबद्दल लिहिलं होतं, त्यावर भरपूर पत्रं आली आणि त्यातली निम्मी तरी नाणेघाटाची होती, म्हणून हा सगळा भाग त्यालाच दिलाय. पत्रं थोडी छोटी केली आहेत.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीचे सहा मित्र, सगळे चाळिशीच्या पुढचे. कुणीतरी सांगितलं की जुन्नरहून घाटघरमार्गे गाडी अगदी घाटाच्या तोंडापर्यंत जाते. मग खालून तीन तास घाम गाळायची गरज आहे का?

गाडी जाते, खरंय. ज्यांचे गुडघे दुखतात किंवा सोबत आई-वडील आहेत त्यांनी जरूर तसंच जावं, त्यात काही कमीपणा नाही. पण तुम्ही सहा जण चालू शकत असाल तर माझं ऐका, खालूनच चढा.

कारण ही वाट कोकणातून वर येणाऱ्या माणसासाठी केलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल बैलांवर, गाढवांवर, माणसांच्या डोक्यावर घालून याच वाटेने जुन्नरला यायचा आणि तिथून पुढे पैठणकडे जायचा. खालून चढताना आधी गावाच्या कडेची सपाटी लागते, मग जंगल, मग ओढ्याचे दगडगोटे तुडवत जायचं, मग चढ अंगावर येतो, मग दगडात खोदलेल्या पायऱ्या आणि बरोबर जिथे धाप लागून कुठेतरी टेकावंसं वाटतं तिथे पाण्याची टाकी येतात. त्यानंतर लेणं, लेण्याच्या वर ती अरुंद खिंड आणि खिंडीतून बाहेर पडलात की जकातीचा दगडी रांजण. आधी पाणी, मग सावली, मग जकात. वरून गाडीने गेलात की हाच क्रम उलटा होतो, पहिल्यांदा रांजण दिसतो, फोटो होतो आणि लेणं बघून लोक परत फिरतात, टाकी कशासाठी खोदली ते कळतच नाही कारण तहानच लागलेली नसते.

जायचं कसं तर कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणारी एसटी पकडा, टोकावडे सोडलं की वैशाखरे येतं, त्याच्या थोडं पुढे नाणेघाटाच्या फाट्यावर उतरायचं, कंडक्टरला आधीच सांगून ठेवा. पहाटेची गाडी मिळाली तर उत्तम. तुमच्या वयाला दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं बसत गेलात तरी तीन तासांत आरामात पोचाल.

प्रश्न : टाक्यांचं पाणी पिता येतं का? आम्हाला पाठीवर जास्त वजन नकोय.

प्रत्येकी तीन लिटर घरून न्याच, फेब्रुवारीनंतर तर चार. टाक्यातलं पाणी गाळून आणि उकळूनच प्या, आणि ज्या टाक्याचं पाणी गावातली माणसं स्वतः पितात तेच घ्या, वाटेत कुणी भेटलं तर विचारा, लोक आवर्जून सांगतात.

इथे एक कळकळीचं सांगते. मागे एकदा मी दुपारी टाक्याच्या काठावर बसले होते. आतल्या भिंतीवर छिन्नीचे तिरके ओरखडे अजून स्पष्ट दिसतात, एकाखाली एक, सारख्या अंतराने, पाण्याच्या पातळीच्या खालीसुद्धा जाताना दिसतात, बोट फिरवलं की खडबडीतपणा हाताला लागतो. हा काळा कातळ किती कठीण असतो ते ज्याने साधा खिळा ठोकून बघितलाय त्याला विचारा. कुणीतरी महिनोन् महिने बसून हे खोदलं, आणि ज्यांच्यासाठी खोदलं ती माणसं त्याच्या ओळखीची नव्हती, पुढच्या पावसाळ्यानंतर येणारे, पन्नास वर्षांनी येणारे. आणि माझ्यासमोर एक ग्रुप आला, बूट काढले, चौघांनी पाय आत सोडले, एकीने साबणाने तोंड धुतलं. मी उठून सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकलं, वाईट माणसं नव्हती, त्यांना फक्त माहीत नव्हतं की ते पिण्याचं पाणी आहे. म्हणून इथे लिहितेय. टाक्यात पाय नाही, साबण नाही, डबे विसळणं नाही. पाणी बाटलीत काढून घ्या आणि चार पावलं लांब जाऊन वापरा.

प्रश्न : लेण्यात शिलालेख आहे म्हणतात, पण आम्हाला ब्राह्मी येत नाही. मुलांना काय दाखवू? (नाशिकहून एक शिक्षिका)

ताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. ब्राह्मी न येताही तिथे तासभर जातो.

आत गेल्यावर आधी समोरची मागची भिंत दाखवा. तिथे राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या, आज त्यांच्या पायांच्या खुणाच काय त्या उरल्यात, पण वर कोरलेली नावं शिल्लक आहेत. सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, राजकुमार, महारठी त्रनकयिर. एका ओळीत अख्खं कुटुंब उभं होतं असं मुलांना सांगा, आपण घरात भिंतीवर फोटो लावतो ना, तसंच.

मग दोन्ही बाजूच्या भिंती. तिथला मोठा लेख राणी नागनिकेचा (मघाची देवी नायनिका तीच) म्हणून ओळखला जातो, भाषा प्राकृत म्हणजे आपल्या मराठीची आजीच, आणि तो साधारण इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला मानतात. सुरुवातीला देवांना वंदन आहे, त्यात इंद्र आहे, संकर्षण-वासुदेव म्हणजे बलराम-कृष्ण आहेत, चंद्र-सूर्य आहेत आणि चार दिशांच्या लोकपालांत वरुणही आहे, म्हणजे पाण्याचा देव, घाटात बसून हे ऐकलं की अंगावर काटा येतो. पुढे अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यात दिलेल्या दानाची यादी आहे, गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी.

आणि त्या यादीत आकडे आहेत. हे मुलांना सर्वात आवडतं. भारतात कोरलेल्या अंकांच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी हे. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे एकाखाली एक दोन आडव्या रेघा. शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं होती. वर्गात आधी कागदावर ही चिन्हं काढून दाखवा आणि लेण्यात गेल्यावर शोधायला सांगा. मात्र भिंतीला हात लावू द्यायचा नाही, खडू-पाणी लावून अक्षरं उठवायची नाहीत. मोबाइलचा टॉर्च भिंतीच्या बाजूने तिरका धरला की सावली पडते आणि कोरीव अक्षर आपोआप उठून दिसतं, एवढं पुरे.

रांजणापाशीही थोडा वेळ द्या. त्यात जकातीची नाणी टाकत असं परंपरेने सांगतात. एक मूल आत मावेल का असा प्रश्न तुमचा वर्ग विचारणारच, पण आत उतरवू नका.

प्रश्न : पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला आठ वर्षांच्या मुलीला न्यावं का?

वर गाडीने न्या, लांबून दाखवा. खालून चढवत पावसात नेऊ नका.

पाणी वर उडतं त्याचं कारण सोपं आहे, समुद्रावरून आलेला जोराचा वारा कड्याला आपटतो, त्याला जायला जागा वरच असते, तो कड्याच्या तोंडाशी पडणाऱ्या पाण्याला उचलून परत माथ्यावर फेकतो. म्हणजे जिथे हे सर्वात छान दिसतं तिथेच वारा सर्वात जास्त असतो आणि कातळावर शेवाळ असतं. नानाचा अंगठा म्हणजे घाटाच्या माथ्यावरचा तो पुढे आलेला कडा, त्यावर तर मुलांना कडेला अजिबात सोडायचं नाही. मी स्वतः एका जुलैमध्ये तिथे धुक्यात अडकले होते, दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता, खिंड कुठल्या बाजूला ते कळेना, शेवटी आम्ही सगळे जिथल्या तिथे खाली बसलो आणि धुकं हटायला चाळीस मिनिटं लागली तेवढा वेळ हललो नाही. घाबरून चालत सुटलो असतो तर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो. धुकं आलं की बसायचं, हे मुलीलाही शिकवा.

तिला एक गोष्ट मात्र नक्की सांगा. याच माथ्यावरचं पाणी दोन समुद्रांना जातं. कोकणात पडलेलं काळू नदीतून उल्हासला मिळतं आणि अरबी समुद्रात जातं. जुन्नरच्या बाजूला पडलेलं कुकडीतून घोड, भीमा, कृष्णा असं करत करत थेट बंगालच्या उपसागराला.

प्रश्न : दोन दिवस आहेत. घाट चढून पुढे काय करावं? दाऱ्या घाटाने उतरलो तर?

दाऱ्या घाट पहिल्याच खेपेला नको, माहितगार माणूस सोबत नसेल तर वाट चुकायला वेळ लागत नाही. भोरांड्याचं दार ही इथली आणखी एक घाटवाट, तिलाही हेच लागू.

त्यापेक्षा घाटघरला गावात कुणाच्या घरी मुक्काम करा, फोन करून आधी ठरवा, लेण्यात झोपू नका. जेवण सांगून ठेवलं तर भाकरी-पिठलं गरम मिळतं आणि पैसे घासाघीस न करता द्या. दुसऱ्या दिवशी दम असेल तर जवळचा जीवधन किल्ला, समोर वानरलिंगीचा सुळका दिसतो तो बघायलाच जावं असा आहे, पण गडाच्या पायऱ्या तुटलेल्या आहेत आणि काही ठिकाणी हाताने धरून चढावं लागतं, त्यामुळे उंचीची भीती असेल तर सोडा.

मी असते तर सकाळी पूर गावाला गेले असते. कुकडेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे, कोरीवकाम जवळून बघा, आणि तिथेच कुकडीचा उगम मानतात. आदल्या दिवशी ज्या माथ्यावरून चाललात तिथलं पाणी इथे नदी होऊन निघतं. मग चावंड किल्ल्यावर सप्तमातृकांची सात टाकी बघायची, आणि दुपारची एसटी धरून जुन्नर. जुन्नरच्या स्टँडवर कल्याणची शेवटची गाडी किती वाजता ते सकाळीच विचारून ठेवा.