क्रिम्प करताना काडतुसाचा खांदा का फुगतो?

अमेरिकेत राहणारे आपले मेहुणे पॉइंट ३०८ विंचेस्टर रायफलची काडतुसे घरी भरतात, पण क्रिम्प केल्यावर, म्हणजे काडतुसाचे तोंड बुलेटभोवती आवळल्यावर, त्यांतील काही चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या कप्प्यात) अडकतात, याचे कारण आपण खानापूरहून विचारले आहे.

बहुधा पितळी केसांची (काडतुसाच्या कवचांची) लांबी सारखी नसावी. बुलेट बसवणे आणि क्रिम्प करणे एकाच डायने (साच्याने), एकाच दाबात केले, तर लांब केसचे तोंड बुलेट पुरती बसण्याआधीच आवळले जाते. बुलेट मात्र खाली सरकतच असते, त्यामुळे मान (केसचा बुलेट धरणारा अरुंद भाग) तिच्यासोबत दाबली जाते आणि खांदा (मानेखालचा उतरता भाग) किंचित फुगतो. हा फुगवटा सहसा डोळ्यांना दिसत नाही. दारू व प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) नसलेले नमुना काडतूस काळ्या मार्करने रंगवून चेंबरमध्ये घालून काढावे. शाई खांद्यापाशी खरवडली गेली, तर दोष तिथेच आहे.

सर्व केस ५१.१८ मिमी या कमाल मर्यादेच्या आत एकाच लांबीला कापाव्यात आणि क्रिम्प वेगळ्या टप्प्यात, तेही खाच असलेल्या बुलेटवरच करावे. खरे तर बोल्ट-ॲक्शन (प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायच्या) रायफलीत मानेची पकड पुरेशी असल्यास माझ्या मते क्रिम्पची गरजच नसते. फुगलेली काडतुसे जोर लावून न बसवता उकलावीत.

आपल्या बेळगाव भागात मात्र हा प्रयोग करू नये, कारण शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यास स्वतंत्र परवाना लागतो आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना त्याला चालत नाही.