गोंगाट मुद्दामचा की सुईचा?

हार्डकोअर पंक आणि एक्स्ट्रीम मेटलच्या तबकड्यांबद्दल आलेल्या पत्रांत एक शंका पुन्हा पुन्हा डोकावते : कानावर पडणारी ही खरखर बँडने ठेवलेली आहे, की आपल्याकडे काही बिघडलंय? या संगीताच्या बाबतीत ती शंका अगदी रास्त आहे, म्हणून या वेळी अशा पत्रांना आधी जागा दिली आहे.

प्रश्न : नेपाम डेथची ‘स्कम’ घेतली. पहिली बाजू छान वाजते, पण दुसरी लावली की सगळा आवाजच बदलतो. सुई गेली असेल का? (डोंबिवली)

उत्तर : सुई ठणठणीत आहे. या तबकडीच्या दोन बाजूंवर जवळजवळ दोन वेगळे बँड आहेत. पहिल्या बाजूची १२ गाणी १९८६ मध्ये बर्मिंगहॅमच्या रिच बिच स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. तेव्हा गिटारवर जस्टिन ब्रॉडरिक होता, तर बास आणि गायन निक बुलनकडे. दुसऱ्या बाजूची १६ गाणी १९८७ ची. तोवर गिटार बिल स्टीअरच्या हातात गेली होती, बास जिम व्हिटलीच्या, आणि गायला ली डोरियन. दोन्ही बाजूंवर सापडतो तो एकटा ड्रमर मिक हॅरिस. त्यामुळे तुम्हाला जाणवलेला फरक खरा आहे आणि तो तसाच ऐकायचा आहे. पहिल्या बाजूवर पंकचा चिखल जास्त, दुसरीवर वेग आणि मेटलची धार जास्त. आणखी एक : पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं ‘यू सफर’ जेमतेम सव्वा सेकंदाचं आहे. ते संपलं की सुई उडाली असं समजून टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, मागे नेऊ नका.

असंच डार्कथ्रोनच्या १९९४ च्या ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’चं. घरच्या चार-ट्रॅक यंत्रावर केलेलं ते काम आहे. गिटार पातळ, बास नावापुरता. अँपवरचं लाउडनेसचं बटण दाबून तो ‘दुरुस्त’ करायला गेलात तर त्या अल्बमचा गारठाच निघून जाईल.

प्रश्न : माझ्याकडच्या बहुतेक एलपींवर शेवटची दोन गाणी फाटतात. झांजांचा नुसता फसफसाट होतो. पहिली गाणी मात्र स्वच्छ. तबकड्या खराब आहेत का? (नाशिक)

उत्तर : बाजू जसजशी आत सरकते तसतसं फाटणं वाढतं, ही खूण पक्की आहे. बँडने मुद्दाम ठेवलेली खरखर पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत सारखी असते. आत जाताना वाढणारी खरखर सुईची, जुळणीची किंवा झिजलेल्या ग्रूव्हची, म्हणजे तबकडीवर कोरलेल्या खाचेची.

कारण भूमितीत आहे. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांवर बाहेरच्या कडेला ग्रूव्ह सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकतो, तर लेबलजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोरलेला असतो. संथ गझलेच्या तबकडीवर हे चालून जातं. पण अखंड झांजा, खर्जातली गिटार आणि किंचाळणारा गळा एकाच वेळी असले की सुईला वळणं घेता येत नाहीत. त्यात एका बाजूवर २२ मिनिटांहून जास्त संगीत भरलं असेल तर आणखी पंचाईत. स्लेअरची ‘रेन इन ब्लड’ आख्खी सुमारे २९ मिनिटांची, म्हणजे बाजूला १५ मिनिटंसुद्धा नाहीत. जुळणी तपासायला अशी आखूड तबकडी चांगली. तीही शेवटी फाटत असेल तर दोष तुमच्या प्लेअरकडे.

आता क्रमाने तपासा. आधी सुईचा भार. सुईचं झाकण काढा, अँटिस्केट, म्हणजे टोनआर्म आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेला उलटा जोर, शून्यावर ठेवा आणि मागचं वजन फिरवून टोनआर्म हवेत आडवा तरंगेल असं करा. मग वजन तसंच धरून फक्त आकड्यांची चकती शून्यावर आणा आणि नंतर वजन आणि चकती एकत्र फिरवून हवा तो भार द्या. कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेलं खोकं, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई असेल तर २ ग्रॅम, ऑर्टोफोन टूएम रेड असेल तर १.८. चकतीवरच्या आकड्यावर विसंबू नका, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. हलकी सुई तबकडीला जपते हा समज फार नुकसान करतो. भार कमी पडला की सुई ग्रूव्हमध्ये उडते आणि भिंतींवर आपटून त्या कायमच्या कुरतडते.

मग कार्ट्रिजची जागा. प्रोट्रॅक्टरचा, म्हणजे कार्ट्रिज जुळवायच्या खुणांचा, कागद छापून घ्या, पण त्यावरची मोजपट्टी खऱ्या फूटपट्टीशी ताडून बघा, कारण प्रिंटर पानाचा आकार बदलतो. सुईचं टोक दोन्ही ठिपक्यांवर टेकलं पाहिजे आणि कँटिलिव्हर, म्हणजे सुई धरणारी बारीक नळी, रेषांना समांतर दिसली पाहिजे. कार्ट्रिजचं खोकं समांतर आहे एवढ्यावर समाधान मानू नका, नळी त्यात कधी कधी तिरकी बसवलेली असते. शेवटी अँटिस्केट, सुईच्या भाराइतका. उजवा स्पीकर आधी फाटत असेल तर तो थोडा वाढवा, डावा फाटत असेल तर कमी करा.

एवढं करूनही फरक पडला नाही तर सुईचे तास मोजा. ऑडिओ-टेक्निका कोनाकृती सुईचं आयुष्य ५०० तास सांगते, लंबवर्तुळाकृतीचं ३००. नवीन सुई घेताना मायक्रोलाइन, म्हणजे जास्त बारीक टोकाच्या घाटाची परवडली तर जरूर घ्या. या संगीतासाठी अँपवर खर्च करण्याआधी तिथे पैसे घालावेत असं आमचं ठाम मत आहे. आणि एखादीच तबकडी फाटत असेल तर ती दिव्याखाली तिरकी धरा. ग्रूव्ह काळाभोर न दिसता राखाडी दिसला तर तो आधीच्या मालकाच्या जड सुईने खाल्लेला आहे. धुऊन उपयोग नाही.

प्रश्न : सात इंची रेकॉर्डवर वेग छापलेलाच नाही. गायक घशातून गुरगुरतो, त्यामुळे ३३ की ४५ हे कळतच नाही. (पुणे)

उत्तर : गळा सोडा, झांज ऐका. चुकून ४५ वर लावलं तर झांजेचा नाद तुटक आणि टिनाच्या पत्र्यासारखा येतो, स्नेअर ड्रम टिकटिकतो. चुकून ३३ वर लावलं तर झांज लांबत राहते आणि ड्रमर दमल्यासारखा वाटतो. दोन वेगांत १.३५ पटींचा फरक आहे, सुरांत मोजायचं तर पाच अर्धस्वरांहून किंचित जास्त. ३३ चं ३ मिनिटांचं गाणं चुकून ४५ वर सव्वादोन मिनिटांच्या आत संपेल. सुरुवातीला सिनेमातला संवाद असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. हार्डकोअरवाले गाणी जास्त बसवायला सात इंचीवरही ३३ वापरतात, त्यामुळे ‘लहान म्हणजे ४५’ हा नियम इथे धरू नका.

प्रश्न : पावसाळ्यात कव्हरांवर पांढरे ठिपके आले. तबकड्यांवरही धुरकट थर आहे. (रत्नागिरी)

उत्तर : ठिपके बुरशीचे. तोंडाला मास्क लावून, सावलीत, वारा असेल तिथे मऊ कोरड्या ब्रशने झटका. उन्हात ठेवू नका, तबकडी वाकते. तबकडी धुण्यासाठी १ लिटर डिस्टिल्ड वॉटर, १०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि वास नसलेल्या भांड्यांच्या लिक्विडचे ३-४ थेंब. लेबल कोरडं ठेवून मऊ ब्रश ग्रूव्हच्या दिशेने गोल फिरवा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा. साबण राहिला की सुईवर चिकट गोळा जमतो. आजोबांच्या ७८ च्या लाखेच्या तबकड्यांना हे मिश्रण लावू नका, अल्कोहोल लाख विरघळवतं.

धुरकट थर मात्र धुऊनही जात नसेल तर तो बहुधा पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्यांचा. त्यातलं प्लॅस्टिक मऊ ठेवणारं द्रव्य दमट हवेत तबकडीवर उतरतं. पंकच्या रेकॉर्डला त्यांचा आणखी एक धोका : आतली गाण्यांची पानं पुष्कळदा झेरॉक्सची असतात आणि झेरॉक्सची शाई पीव्हीसीला चिकटून उपटून येते. पानावरची अक्षरं पिशवीवर उलटी उमटलेली दिसतात. पॉलिथिनच्या पिशव्या घ्या, तबकडी पॉलिथिनचं अस्तर असलेल्या आतल्या पाकिटात ठेवा, कपाट बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा, आणि प्रत्येक कप्प्यात १०० ग्रॅम सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं.

प्रश्न : बाथोरीच्या पहिल्या अल्बमची, मुखपृष्ठावर पिवळा बोकड असलेली प्रत ‘स्वस्तात’ मिळतेय. घेऊ का? (ठाणे)

उत्तर : नको. १९८४ ची ती आवृत्ती १,००० प्रतींची. बोकड सोनेरी हवा होता, छपाईत पिवळा आला, म्हणून संग्राहक तिच्यामागे लागतात. मेहेमच्या १९८७ च्या ‘डेथक्रश’चंही तेच : मुखपृष्ठाचा रंग लाल हवा होता, गुलाबी आला, प्रती १,०००. अशा तबकड्यांच्या नकला भरपूर निघाल्या आहेत. विक्रेत्याकडून लेबलजवळच्या रिकाम्या पट्ट्यात कोरलेल्या अक्षरांचा जवळून काढलेला फोटो मागा आणि संग्राहकांच्या नोंदींशी अक्षर न् अक्षर ताडा. फोटो द्यायला कां-कूं करणाऱ्याला सोडून द्या. मुखपृष्ठ भिंगाखाली बघा. छापील चित्र स्कॅन करून पुन्हा छापलं की ठिपक्यांवर ठिपके बसून जाळी दिसते आणि बारीक अक्षरांच्या कडा फुटतात.

संगीत हवं असेल तर अधिकृत पुनर्मुद्रण घ्या. वॉशिंग्टनचं डिस्कॉर्ड हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, १९८० पासूनचा आपला माल आजही वाजवी दरात छापतं, मायनर थ्रेट या बँडसाठी पहिल्या छपाईच्या मागे धावायची गरजच नाही. आणि मुंबईतलंच ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी हे लेबल जगभरच्या डेथ मेटल बँडच्या तबकड्या काढतं, तिकडेही नजर ठेवा.

प्रश्न : मी हार्डकोअरवाला, मित्र डेथ मेटलवाला. दोघांना पटेल असं काय? (नागपूर)

उत्तर : डिस्चार्जची १९८२ ची ‘हिअर नथिंग सी नथिंग से नथिंग’ लावा आणि नुसते ड्रम ऐका. त्या धावत्या ठोक्याला डी-बीट म्हणतात, त्यातला ‘डी’ डिस्चार्जचाच. मग लगेच एंटूम्बडची १९९० ची ‘लेफ्ट हँड पाथ’. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओतला तो करवतीसारखा गिटारचा आवाज बॉसच्या एचएम-२ पेडलचा आहे, चारही बटणं शेवटपर्यंत फिरवलेली. ठोका इंग्लंडच्या पंकमधून आलेला, गिटार मेटलची, आणि दोन्ही एकाच गाण्यात. मित्राला मेटालिका आवडत असेल तर १९९८ च्या ‘गॅरेज इंक’वर त्यांनीच गायलेली डिस्चार्जची दोन गाणी ऐकवा. त्यानंतर मुंबईच्या गटस्लिट या बँडकडे आणि स्क्राइबच्या २०१० च्या ‘मार्क ऑफ तेजा’कडे वळा.

प्रश्न : परदेशातून मागवलेल्या रेकॉर्डचं कव्हर दर वेळी वरच्या शिवणीवर फाटून येतं. (पणजी)

उत्तर : वाटेत आपटल्यावर तबकडीच कव्हर कापते. ऑर्डर देतानाच विक्रेत्याला लिहा : तबकडी आतल्या पाकिटासह कव्हरच्या बाहेर, मागे ठेवून पाठवा, आणि दोन्ही बाजूंना एकेक पन्हाळीदार पुठ्ठा घाला, एकाच्या रेषा आडव्या, दुसऱ्याच्या उभ्या. सीलबंद नव्या प्रतीचं सील त्यासाठी फोडावं लागतं, तेही मान्य असल्याचं त्याच निरोपात कळवा.