युरोपात नियम सैल झाले, तर निर्यातीच्या द्राक्षांना सूट मिळेल का?

प्रश्न (दिंडोरी व निफाडहून): कीटकनाशकांच्या नियमांमुळे आम्ही स्पर्धेत मागे पडतो, अशी युरोपातल्या शेतकऱ्यांची तक्रार आहे. तिकडे नियम सैल होतायत असं ऐकलं. आमच्या द्राक्षांना फायदा होईल का? थायमेथोक्झाम हे कीटकनाशक चालेल का?

उत्तर: शेतकरी बंधूंनो, फायदा गृहीत धरून फवारणी आखू नका. थायमेथोक्झाम तर निर्यातीच्या बागेत नकोच.

सैल होतंय ते त्यांच्या घरातलं. २०२४ च्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर उतरले आणि रासायनिक कीटकनाशकांचा वापर २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने मागे घेतला. पण त्याच शेतकऱ्यांची दुसरी मागणी आपल्याला जड जाणारी आहे: जे औषध आम्हाला बंद, ते मारलेला माल बाहेरूनही येऊ नये. फेब्रुवारी २०२५ च्या कृषी आराखड्यात आयोगाने हीच दिशा धरली. मला ही मागणी चुकीची वाटत नाही. आपले हात बांधून दुसऱ्याचा माल मोकळा सोडला असता, तर आपणही रस्त्यावर आलो असतो. मात्र पर्यायी औषध हाती येईपर्यंत आपल्या बागायतदाराला वेळ मिळायला हवा, आणि तो मागून घेणं आपल्या सरकारचं काम आहे.

थायमेथोक्झाम आणि त्याच गटातलं क्लोथियानिडिन या दोन्हींचा उघड्या शेतातला वापर युरोपाने मधमाश्यांसाठी २०१८ मध्येच थांबवला. ७ मार्च २०२६ पासून आयात मालातही त्यांच्या अंशाची मर्यादा प्रयोगशाळेला मोजता येईल तेवढ्यावर, बहुतेक फळांत किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आली आहे. म्हणजे १३ टनांच्या कंटेनरात सगळं मिळून १३० मिलिग्रॅम, चिमूटभर मिठाहूनही कमी. इतक्या खालच्या पातळीला ‘काढणीआधी अमुक दिवस थांबलो’ हा हिशेब पुरत नाही. पिठ्या ढेकणासाठी मुळाशी केलेली आळवणी तर जास्तच धोक्याची, कारण औषध वेलीत भिनतं.

२०१० चा हंगाम जुन्या बागायतदारांना आठवत असेल. सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराइड, वेलीची वाढ रोखणारं रसायन) याच्या अंशामुळे आपला माल युरोपात अडकला, आणि ते रसायन तेव्हा आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. म्हणून यादी दर हंगामाला नव्याने पाहायची. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू यादी छाटणीआधी हातात ठेवा, गेल्या वर्षीची नको.

दुकानात ब्रँडचं नाव सांगून औषध घेऊ नका. पुडी उलटी करून बारीक अक्षरातला सक्रिय घटक वाचा. जोड औषधात दुसरा घटक हमखास नजरेतून सुटतो. पावती जपा, फवारणी त्याच दिवशी वहीत लिहा. शेजारी टोमॅटो किंवा मिरची असेल तर तिथे काय मारतात ते विचारून घ्या. फवारणीचा ब्लोअर भाड्याचा असेल तर टाकी, नळ्या आणि नोझल तुमच्यासमोर धुवून घ्या, आणि ते पाणी बागेच्या कडेलाही सोडू देऊ नका.