अमेरिकेत अर्ली व्होटिंगचा, म्हणजे मतदानाच्या दिवसाआधीच मत देण्याचा, अनुभव कसा असतो? खरंच तासनतास रांगेत उभं राहावं लागतं का?

मी ह्यूस्टनला राहते, हॅरिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं), त्यामुळे टेक्सासचंच सांगते. दुसऱ्या राज्यात नियम वेगळे असतात, तिथलं मला विचारू नका.

सिटिझन झाल्यावरची माझी पहिलीच प्रेसिडेंटची निवडणूक, २०२४ ची. मतदान ५ नोव्हेंबरला, मंगळवारी, आणि आपल्यासारखी सुट्टी वगैरे काही नाही. अर्ली व्होटिंग होतं २१ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर, म्हणजे नेमकं ऐन दिवाळीत. म्हटलं चकलीची भाजणी काढायच्या आत हे उरकून टाकू, म्हणून २५ तारखेला शुक्रवारी सकाळी ऑफिसला जाता जाता गेले. अर्ली व्होटिंगला काउंटीतल्या कुठल्याही सेंटरवर गेलं तरी चालतं, त्यामुळे "ताई तुमचं नाव या खोलीत नाही, पलीकडच्या शाळेत बघा" हा प्रकार नाही. मला रांगेत वीसेक मिनिटं लागली असतील. बस.

रांगेचं काही नाही हो, खरा वेळ जातो बॅलटवर, म्हणजे मतपत्रिकेवर!! आपल्याकडे कसं, एक बटण, एक बीप, बाहेर. इथे प्रेसिडेंट, मग सिनेटर (टेड क्रूझ आणि कॉलिन ऑलरेड), मग शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), टॅक्सवाले, आणि जजेस. हो, इथे न्यायाधीश पण निवडून द्यायचे, तेही नावापुढे पक्ष लावून, आणि आमच्या काउंटीत ते संपता संपत नाहीत. पूर्वी एकाच ठिकाणी पक्ष निवडला की सगळी मतं त्यालाच, अशी सोय होती, २०२० पासून ती बंद झाली, आता एकेक स्क्रीन पुढे ढकलत बसा. एक पद आहे रेलरोड कमिशनर, मला वाटलं रेल्वे बघत असतील, तर रेल्वेशी त्यांचा काडीचा संबंध नाही, ते बघतात तेल आणि गॅस. हे मला घरी अभ्यास करताना कळलं म्हणून बरं.

आता अभ्यासाचं ऐका. दोन रात्री बसून कोणाला मत द्यायचं ती सगळी लिस्ट मी केली फोनमध्ये, आणि दारातच पाटी, मतदानाच्या जागेपासून १०० फुटांच्या आत फोन वापरायचा नाही. आली का पंचाईत! कागदावर लिहून नेलेलं चालतं म्हणे. मग परत गाडीत जाऊन इंडियन ग्रोसरीच्या पावतीच्या मागे बारीक अक्षरात सगळी नावं उतरवली, पुढे कोथिंबीर आणि इडली रवा, मागे जज. पुन्हा रांगेत शेवटी.

आत गेल्यावर ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं, सही केली, त्यांनी कोरा कागद आणि एक कोड दिला. कागद मशीनमध्ये घालायचा, कोड टाकायचा, स्क्रीनवर निवडायचं, मग आपली मतं त्याच कागदावर छापून बाहेर येतात, ती नीट वाचायची (वाचाच, मी एका ठिकाणी चुकीचं दाबलं होतं ते स्क्रीनवर शेवटी तपासताना सापडलं) आणि स्कॅनरमध्ये सोडायची. कागद स्कॅनरमध्ये गेला नाही तर मत झालंच नाही, हे लक्षात ठेवा. शाई नाही, स्टिकर मिळतो. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर ती म्हणाली, "हे काय, लहान मुलांच्या शाळेत देतात तसलं." तिचं मतदान २० नोव्हेंबरला विधानसभेचं, आणि मला आता तिथे मत नाही, ते जरा लागलंच मनाला.

अजून एक गोष्ट जी मला आधी कोणीच सांगितली नव्हती. तुम्ही कोणाला मत दिलं ते गुप्त असतं, पण मत दिलं की नाही ती यादी पब्लिक असते, आणि प्रचारवाले ती रोज बघतात. पुढच्या आठवड्यात एक मुलगी प्रचाराला दारात आली, हातातल्या फोनवर बघून म्हणाली, अच्छा, तुमच्या घरात तुमचं झालंय, मिस्टरांचं राहिलंय. मी गार!! मिस्टर आतून ऐकत होते, दुसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन आले. प्रचाराचे मेसेज मात्र दोघांनाही ५ तारखेच्या संध्याकाळपर्यंत येतच होते.